दिवा नको, आकडा सांगा

आमच्या सोसायटीच्या स्वयंचलित गेटला फोटोसेल आहे, म्हणजे गेटच्या वाटेत कुणी आलं तर ओळखणारा सेन्सर. त्याच्यावरचा लाल दिवा लागलाय म्हणजे सेन्सर सरळ आहे, असं सगळेच धरून चालले होते. गेट बसवणाऱ्याचा माणूस तेच सांगून गेला होता, अध्यक्षही तेच म्हणत होते. वॉचमनमामांनी तर सकाळी झाडलोट झाली की खाली वाकून दिवा बघायचा आणि "हाय, लागलाय" असं जाहीर करायचा नेमच ठेवला होता. दिवा लागत होता हे खरंच होतं. तरीही गेट अर्ध्यातून परत फिरत होतं.

आमची सोसायटी कोल्हापुरात आर. के. नगरच्या बाजूला. गेट दक्षिणेच्या रस्त्यावर, सोळा फुटी, सरकतं, लोखंडी चौकटीवर पत्रा मारलेलं. पश्चिमेच्या खांबाच्या आत मोटर, गेटच्या तळाला दातेरी पट्टी, मोटरचं चाक ती पट्टी ढकलतं. दोन्ही खांबांवर जमिनीपासून दीड फुटावर काळ्या काचेची एकेक डबी. पूर्वेची डबी ट्रान्समीटर, ती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडते. पश्चिमेची रिसिव्हर, ती तो प्रकाश पकडते. गेट मिटत असताना मधे कुणी आलं, प्रकाश तुटला, की रिसिव्हर मोटर चालवणाऱ्या बोर्डाला कळवतो आणि बोर्ड गेट उलटं फिरवतो. काम एवढंच. पण ज्या सोसायटीत पोरं दिवसभर सायकली घेऊन आत-बाहेर करतात, तिथं गेटच्या सगळ्या सामानात मला हीच दोन डबडी सगळ्यात मोलाची वाटतात. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनणाऱ्या घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दारांना मधला माणूस ओळखून परत फिरायची सोय सक्तीची झाली, तीही दाराखाली लहान मुलं सापडून दगावल्यावर.

जून संपता संपता पाऊस लागला आणि गेटची कुरकुर सुरू झाली. पहाटे, त्यातही झिमझिम असेल तेव्हा, गेट अर्धं मिटून परत उघडायचं. रिमोट दाबा, पुन्हा तेच. ऊन पडलं की शहाण्यासारखं वागायचं. बसवणाऱ्याला फोन गेला, त्याचा माणूस आला, कंट्रोल बॉक्स उघडून थोडा वेळ काहीतरी केलं आणि "आता तरास न्हाई व्हायचा" म्हणून गेला. आणि खरंच झाला नाही. पाऊस असो, धुकं असो, गेट गुमान मिटायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे पडले.

मला खटकलं ते दूधवाल्यामुळं. एका सकाळी तो गेटमधेच गाडी थांबवून रेनकोटची टोपी सारखी करत होता आणि गेट सरळ येऊन त्याच्या कॅनला टेकलं. मोटरला अडथळ्याचा जोर जाणवला तेव्हा कुठं ते मागं सरलं. कॅनला पोचा पडला, दूधवाला शिव्या घालत गेला. मामा म्हणाले, "पावसानं झालं असंल." पावसानं गेट अडेल, पण पावसानं गेट माणसाच्या अंगावर येणार नाही. फोटोसेल बिघडला तर गेट मिटायचं थांबावं, अशीच त्याची जोडणी असते.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. प्रेसवरचे लाइट कर्टन, म्हणजे मधे हात आला की मशीन थांबवणारे प्रकाशाचे पडदे, रोज बघतो, त्यामुळं बॉक्स उघडायच्या आधीच काय सापडणार याचा अंदाज होता. सापडलंही तेच. रिसिव्हरकडून दोन वायरी बोर्डावरच्या 'फोटो' आणि 'कॉमन' या टर्मिनलना येतात. प्रकाश मिळतोय तोवर रिसिव्हरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारं बारकं स्विच, ही दोन टोकं जोडून धरतो. प्रकाश तुटला, रिसिव्हरची लाइट गेली किंवा वायरच तुटली, तर टोकं सुटतात आणि गेट मिटत नाही. आमच्या बोर्डावर त्या दोन टर्मिनलच्या मधे बोटभर पिवळी वायर घातलेली. जंपर. खाली रिसिव्हरनं कितीही बोंब मारली तरी बोर्डाला कायम सगळं ठीकच दिसणार. रिसिव्हरचा सप्लाय मात्र चालूच आणि प्रकाशही कसाबसा पोचत होता, त्यामुळं मामांचा दिवाही रोज लागलेला.

जंपर काढला. गेट पुन्हा अडायला लागलं. त्याच संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, मला पार्किंगमध्ये गाठलं.

"चालू हुतं की रं गेट. कशाला हात लावलास?"

"अण्णा, चालू हुतं म्हणूनच लावला. मधे पोरगं आलं असतं तर गेटला कळलं नसतं."

"मग दोन नवे सेन्सर सांगू काय? किती जातील?"

"आधी मीटर लावून बघतो. रविवारपातूर गेट हातानं ढकलूया."

हातानं ढकलायचं म्हटल्यावर ग्रुपवर जे काय झालं ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी उघडीप मिळाली. सोबतीला पुतण्या होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे, पण मीटरनं रिमोटच्या सेलपलीकडं फारसं काही मोजलं नसावं असा माझा संशय होता. सामान घेतलं ते असं: डिजिटल मीटर, माझा जुना सुईचा मीटर, प्रोबला लावायच्या मगरचिमट्या, बारका स्क्रूड्रायव्हर, स्पिरिट लेव्हल, गवंड्याची दोरी, मऊ फडकं, आणि पुठ्ठ्याचा एक मोठा खोका.

सगळ्यात आधी किल्ली फिरवून मोटरचा क्लच सोडला. मग वरच्या मजल्यावरनं कुणी चुकून रिमोट दाबला तरी मोटर नुसती फिरेल, गेट जागचं हलणार नाही. हे न करता गेटच्या वाटेत बसून, तेही सेन्सर उघडून, काम करायचं म्हणजे धाडस नव्हे, मूर्खपणा. बोर्डाच्या एका कडेला २३० व्होल्ट असतात. झाकण काढताना एमसीबी खाली, मोजताना वर, आणि त्या कडेला बोट न्यायचं नाही, हे पुतण्याला तो कंटाळेपर्यंत ऐकवलं.

पहिलं माप सप्लायचं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि थेट डबी वळवायला लागतात. पण ट्रान्समीटर अर्धपोटी असेल तर तो कितीही नेमका वळवा, प्रकाश कमीच पडणार. बोर्डाच्या सेन्सर सप्लायवर २४.३ व्होल्ट डीसी मिळाले. रिसिव्हरपाशी २४.२. गेट ओलांडून ट्रान्समीटरपाशी गेलो तर १७.१.

"काका, सात व्होल्ट कुठं गेले?"

"तूच शोध. ट्रान्समीटरची वायर सोडव आणि मोकळ्या टोकांवर मोज."

मोकळ्या टोकांवर २४.१ आले. पोरगं चक्रावलं. वायर जोडली की सतरा, काढली की चोवीस. मग ट्रान्समीटरच खराब म्हणून मोकळं व्हायला निघालं होतं. हा घोटाळा मी कारखान्यात चांगल्या चांगल्यांचा होताना बघितलाय. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण दहा मेगाओहम असतो, म्हणजे तो करंट जवळपास ओढतच नाही. वाटेत कुठं गंजलेला जॉइंट असेल तर त्यातून करंटच जात नसल्यानं व्होल्टेजही पडत नाही, आणि मीटरला सगळं धडधाकट दिसतं. ट्रान्समीटरनं आपला करंट ओढला की त्याच जॉइंटमध्ये सात व्होल्ट गळतात. म्हणून सप्लाय मोजायचा तो लोड लावून. मोकळ्या टोकांवरच्या आकड्यानं वायर तुटलेली नाही इतकंच कळतं.

जॉइंट सापडायला वेळ लागला नाही. रस्त्याखालून आलेल्या पाइपाच्या पूर्वेच्या तोंडाशी बारकं चेंबर आहे, पावसात ते भरतं. आत दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप हातात आली तीच लिबलिबीत, आतलं तांबं हिरवं पडलेलं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागं छाटली, सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, आणि सगळा जॉइंट चेंबरमधून उचलून खांबावरच्या झाकणाच्या डबीत घेतला. डबीत वायर शिरायचं तोंड खालच्या बाजूला ठेवलं. वरून वायर आत घेतली की पाणी वायरीवरनं ओघळून थेट डबीत उतरतं. एवढं झाल्यावर ट्रान्समीटरवर २३.८ मिळाले.

आता मुख्य काम.

रिसिव्हरची काळी काच काढली की आतल्या पट्टीवर दोन बारक्या पिना दिसतात. खास मीटर लावण्यासाठीच त्या ठेवलेल्या असतात. प्रकाश जितका जास्त पोचेल तितका या पिनांवरचा डीसी व्होल्टेज वाढतो. आमच्या जोडीच्या पत्रकात लिहिलंय की तो १ व्होल्टच्या वर हवा आणि डबी फिरवत जिथं जास्तीत जास्त मिळेल तिथं पक्की करावी. सगळ्या कंपन्यांचं असं नसतं. कुणाच्या डबीला पिनाच नसतात, कुणाचे आकडे वेगळे असतात. तेव्हा आपल्या डबीचं पत्रक न वाचता माझे आकडे वापरू नका. आमच्याकडं तो जॉइंट दुरुस्त करायच्या आधी ०.४ मिळाले होते, नंतर ०.७ झाले. लाल दिवा दोन्ही वेळी तितकाच ठळक लागलेला.

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी "पूर आला का" एवढंच विचारून थांबत नाही, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पंचगंगा २० फुटांवर असली काय आणि ३८ वर असली काय, इशारा दोन्ही वेळी नसतोच. पण ३८ ला माणसं जनावरं सोडवायच्या तयारीला लागतात. फोटोसेलचा दिवा फक्त रेषा ओलांडली का ते सांगतो. रेषा किती जवळ आलीय ते पिनांवर मोजावं लागतं. ०.४ वर आमचा रिसिव्हर कोरड्या हवेत कसाबसा तग धरत होता. काचेवर चार थेंब बसले, हवेत तुषार आले, की रिले सुटायचा. पहाटे अडणारं आणि दुपारी सुतासारखं चालणारं गेट म्हणजे बहुधा हेच दुखणं. नवे सेन्सर आणले असते तर तेही त्याच जॉइंटवर आणि त्याच वाकड्या खांबावर बसले असते.

खांब वाकडा होता. उन्हाळ्यात वाळूचा डंपर आत घेताना पूर्वेच्या खांबाला घासला होता. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण लेव्हल धरली तर बुडबुडा कडेला. आता हिशेब बघा: सोळा फुटांवर एक अंशाचा फरक म्हणजे पलीकडं साधारण साडेआठ सेंटिमीटर. ट्रान्समीटरचा प्रकाश काही सुईसारखा जात नाही, तो पसरत जातो, म्हणून थोडं वाकडं असूनही दिवा लागतो. पण तेव्हा रिसिव्हर प्रकाशाच्या मध्यावर नसतो, विरळ कडेवर असतो.

आधी दोरी ताणून दोन्ही डब्यांची उंची एक करून घेतली. ट्रान्समीटर जिवंत आहे का ते पुतण्यानं मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं. सावली धरली तेव्हा जांभळट ठिपका दिसला. मागच्या कॅमेऱ्यात तो अनेकदा दिसत नाही, कारण तिथला फिल्टर अवरक्त प्रकाश अडवतो. मग मगरचिमट्या पिनांना लावल्या, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, पुतण्याला रिसिव्हरपाशी बसवलं आणि मी पूर्वेच्या खांबाशी. तो आकडे ओरडणार, मी डबी वळवणार. ब्रॅकेटचे स्क्रू इतकेच ढिले केले की डबी हलेल पण सोडली की तिथंच राहील.

"शून्य पॉइंट सात. सातच. आठ. शून्य पॉइंट नऊ. वाढतंय काका. एक पॉइंट एक."

"थांब, मला वळवून थांबू दे, मग वाच."

हे सांगावं लागलं, कारण डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. हात पुढं निघून जातो आणि ओरडलेला आकडा मागच्या जागेचा असतो. म्हणून सुईचा मीटर आणला होता. सुई चढताना आणि उतरताना लगेच दिसते. पण सुईचा मीटर स्वतः थोडा करंट ओढतो, त्यामुळं आमच्या पिनांवर तो डिजिटलपेक्षा जरा कमीच दाखवत होता. मी शिखर शोधायला सुई वापरतो आणि वहीत लिहायला डिजिटल. मधल्या काळात सोसायटीतल्या दोन-चार जणांनी येऊन "झालं का" विचारून घेतलं. एका काकूंनी तर छत्रीसकट गेटच्या मधोमध उभं राहून विचारलं आणि सुई धाडकन खाली आली.

"काकू, जरा बाजूला व्हा की."

"मी कुठं काय केलो? मी आपली बघायला आलो."

शिखरापाशी आल्यावर एक अडचण येते. आकडा तिथं सपाट होतो. डबी थोडी इकडं-तिकडं केली तरी १.५ चा १.५ च. जिथं पहिल्यांदा १.५ आला तिथंच स्क्रू आवळणारे बरेच आहेत, आणि मग ती डबी सपाटीच्या काठावर बसते. मी दोन्ही बाजूंनी उतार शोधतो. उजवीकडं वळवत गेलो, १.३ झाल्यावर ब्रॅकेटवर पेन्सिलीची खूण. डावीकडं वळवत गेलो, पुन्हा १.३ वर खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे डबी आणली. मग हाच खेळ वर-खाली. मग जागा बदलल्या, पुतण्याला ट्रान्समीटरपाशी मोकळा सोडून मी रिसिव्हर वळवला, आणि परत एकदा ट्रान्समीटर, कारण एक बाजू सुधारली की दुसरीचं शिखर किंचित सरकतं. शेवटी १.९ वर येऊन थांबलं. तिथून पुढं काही केल्या जाईना, आणि जायची गरजही नव्हती.

स्क्रू आवळताना मात्र डोळा मीटरवर हवा. एकाच बाजूचा स्क्रू पूर्ण आवळला तर डबी त्या बाजूला खेचली जाते. आमचा आकडा पहिल्या आवळणीत १.९ वरून १.४ ला घसरला. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळत गेलो तेव्हा १.८ राहिला. मग काळी काच फडक्यानं पुसून बसवली, मीटरच्या वायरी केबलच्या भोकातून बाहेर घेतल्या आणि पुन्हा वाचलं: १.७. काच थोडा प्रकाश खातेच. पत्रकातला आकडा काच काढून मोजायचा असला, तरी गेटचं रोजचं आयुष्य काच लावूनच जाणार, म्हणून वहीत मी दोन्ही लिहितो.

पुतण्याला वाटलं झालं. पण एक गोष्ट मला सकाळपासून टोचत होती. गेटच्या पत्र्याला चंदेरी रंग दिलाय, आणि प्रकाशाची रेषा त्या पत्र्याला समांतर, जेमतेम दोन-तीन इंचांवरून जाते. गेट हातानं अर्धं ओढलं आणि मीटर बघितला. १.७ चा २.० झाला. आकडा वाढला म्हणून पोरगं खूश. मी नाही. जास्तीचे ते ०.३ पत्र्यावरून उडून येत होते. खोक्याचा पुठ्ठा सरळ रेषेत, पण पत्र्यापासून बोटभर लांब धरला. पिनांवर आकडा पडला, पण शून्याला गेला नाही, आणि दिवा मिणमिणत लागलेलाच. याचा अर्थ गेट अर्धं मिटलेलं असताना सरळ वाटेवर कुणी उभं असलं तरी पत्र्यावरून वळसा घालून आलेला प्रकाश रिसिव्हरला फसवू शकला असता. शिखर गाठल्यावर लोक मीटर आवरतात, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं.

उपाय साधा होता. दोन्ही डब्यांच्या मागं दोन इंची स्पेसर घालून त्या पत्र्यापासून लांब घेतल्या. उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमधून तुकडे कापून आणले. रविवार असूनही त्यानं शटर वर करून दिले, चहाही पाजला. स्पेसर घातल्यावर सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. या वेळी हात बसला होता, लवकर उरकलं. आता गेट उघडं, अर्धं किंवा जवळपास मिटलेलं, तिन्ही वेळी आकडा १.७ च्या आसपास, आणि पुठ्ठा आडवा धरला की शून्याजवळ. पुठ्ठा ट्रान्समीटरपाशी धरून बघितला, मधोमध धरला, रिसिव्हरपाशी धरला.

मग आकड्यात किती जीव आहे ते तपासलं. ट्रान्समीटरच्या काचेवर बटर पेपर धरला. आकडा उतरला, रिले टिकला. मामांनी बागेच्या पाइपानं दोन्ही काचांवर आणि मधल्या हवेत पाण्याचा फवारा मारला, तोही मोठ्या हौसेनं, आमच्यासकट. आकडा १.२ ते १.५ च्या मधे नाचत राहिला. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

आता बोर्डाकडची बाजू. 'फोटो' आणि 'कॉमन' टर्मिनलवर मीटर लावला.

"काका, शून्य! मेलं काय?"

"मेलं न्हाई. टोकं आतून जोडलेली हाईत, मग त्यांच्यात फरक कुठला दिसणार? मामांना मधे उभं कर."

मामा मधे उभे राहिले आणि मीटरवर २४ आले. मामा हलले, शून्य. इथं शून्य म्हणजे वाट मोकळी आणि चोवीस म्हणजे अडथळा. पिनांवर याच्या बरोबर उलटं. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळले की माणूस चांगला सेन्सर काढून फेकतो.

बोर्डाची पुस्तिका चाळताना मला हवं होतं ते एक मिळालं. आमच्या बोर्डाला फोटोसेलची चाचणी घ्यायची सोय आहे, फक्त बसवताना ती चालू केलेली नव्हती. ती चालू केली की गेट हलायच्या आधी बोर्ड ट्रान्समीटरचा सप्लाय क्षणभर तोडतो आणि रिसिव्हरची टोकं सुटतात का ते बघतो. सुटली नाहीत तर कुठंतरी जंपर आहे किंवा रिले चिकटलाय असं समजून गेट हलवतच नाही. त्यासाठी ट्रान्समीटरची एक वायर कायमच्या चोवीस व्होल्टवरून काढून चाचणीच्या टर्मिनलला न्यावी लागते आणि बोर्डावरचं एक बारकं स्विच सरकवावं लागतं. तेवढं केलं, क्लच पुन्हा अडकवला आणि अण्णांना खाली बोलावलं. त्यांच्यासमोर तीच पिवळी वायर त्याच दोन टर्मिनलमध्ये घातली आणि रिमोट त्यांच्याच हातात दिला.

गेट जागचं हललं नाही.

"म्हंजे आता कुणी वायर घातली तर गेटच बंद?"

"व्हय."

"मग लोक मला फोन करणार."

"करू देत की. तुम्ही मला करा."

अण्णा फार खूश दिसले नाहीत. पण वायर त्यांनी स्वतःच्या हातानं काढली आणि खिशात घातली. बसवणाऱ्याच्या माणसाला दाखवायला ठेवली असणार.

रिसिव्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, काच काढून १.८, काच लावून १.७, आणि ट्रान्समीटरचा सप्लाय २३.८ असं लिहून ठेवलंय. डब्यांच्या केबलची भोकं सिलिकॉननं बुजवली, तळाचं पाणी जायचं भोक तेवढं उघडं ठेवलं. मुंग्या आणि कोळी काचेमागं घर करतात आणि पाल पट्टीवर जाऊन मरते, हे कारखान्यात भरपूर बघितलंय. मामांना आता दिवा बघायच्या कामातून सुट्टी दिलीय. त्याऐवजी रोज एकदा गेट मिटायला लावून मधे झाडू आडवा धरायचा, गेट परत फिरतं का बघायचं आणि काचा पुसायच्या.

पावसाळ्यापुरतं भागलं. प्रश्न उरलाय तो उन्हाचा. गेट दक्षिणेच्या रस्त्यावर असल्यानं आमची प्रकाशाची रेषा पूर्व-पश्चिम आहे, आणि रिसिव्हर पूर्वेकडं तोंड करून बसलाय. रिसिव्हरला चार वायरी लागतात, ट्रान्समीटरला दोनच, म्हणून रिसिव्हर मोटरच्या बाजूला ठेवला की रस्त्याखालून दोनच वायरी न्याव्या लागतात. बसवणाऱ्यानं तो पैसा वाचवला. ट्रान्समीटरचा प्रकाश ठराविक गतीनं लुकलुकत असतो, त्यामुळं रिसिव्हर एरवी त्याला उजेडातून वेगळा ओळखतो. पण कोवळा सूर्य थेट समोर आला तर आतला डोळा दिपून जातो. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात त्या किरणोत्सवाच्या तारखा पाठ असलेल्या गावात सूर्याची उगवती-मावळती रोज सरकते हे समजावून सांगावं लागत नाही. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पूर्वेला उगवतो, म्हणजे आमच्या रिसिव्हरच्या अगदी नाकासमोर. तूर्त आतून काळा रंग दिलेला पीव्हीसी पाइपाचा तुकडा टोपीसारखा रिसिव्हरवर बसवलाय. त्या आठवड्यात ढग नसले तर सकाळी साडेसहा ते सात पिनांवर मीटर लावून बसायचं ठरलंय. आकडा पडला तर टोपी आणखी लांब करायची. तेवढ्यानंही भागलं नाही तर डब्यांची अदलाबदल, म्हणजे रस्त्याखालून आणखी दोन वायरी ओढणं आलं. त्याचा खर्च मी अण्णांना आत्ताच सांगून ठेवलाय.